गॅलरीला खेळू नका, पण शेवटच्या रांगेला ऐकू जाऊ द्या: हौशी नटांसाठी सविस्तर मार्गदर्शक

नाट्यस्पर्धा संपली की परीक्षकांसोबतच्या चर्चेत एक शेरा हमखास कानावर येतो: 'तुमचा हा नट प्ले टू द गॅलरी करतो.' ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो एक तर आवाज खाली आणतो, नाही तर 'लोक हसले ना, मग झालं की' म्हणून फुगून बसतो. दोन्हीमुळे पुढचा प्रयोग बिघडतो. आवाज खाली आणलेल्या नटाचं बोलणं मागच्या रांगांना अर्धंच कळतं. फुगून बसलेला नट पुढच्या खेपेला आणखी दोन ॲडिशन, म्हणजे संहितेत नसलेली पदरची वाक्यं, घेतो. शेऱ्याचा अर्थ काय, तो कुणाला लागू पडतो आणि तालमीत त्यावर काय काम करायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे. समोर नागपूरची सभागृहं आणि नागपूरचा प्रेक्षक धरला आहे.

शेरा नेमका कशाबद्दल आहे

इंग्लंडच्या जुन्या बंदिस्त नाट्यगृहांत गॅलरी म्हणजे सगळ्यांत वरचा मजला. रंगमंचापासून सगळ्यांत लांब आणि तिकीट सगळ्यांत स्वस्त. छताला इतकी लागून, की त्या जागांना 'गॉड्स' हे टोपणनाव पडलं. तिथला प्रेक्षक बोलका, आवडलं तर डोक्यावर घेणारा आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगणारा. त्याची टाळी मिळवायला नट हातवारे वाढवायचे, वाक्यं ताणायचे, खालच्या प्रेक्षकांना आणि नाटकाला वाऱ्यावर सोडायचे. त्यावरून एकोणिसाव्या शतकात 'प्ले टू द गॅलरी' हा वाक्प्रचार रुळला.

आपल्याकडे वाचणाऱ्याची इथे थोडी गफलत होते. आपल्या जुन्या टॉकीजमध्ये वरची बाल्कनी महाग असायची आणि शिट्ट्या वाजायच्या त्या पडद्याजवळच्या पिटात. त्यामुळे जुने मराठी नट हीच गोष्ट 'पिटातल्या प्रेक्षकासाठी काम करतो' अशी सांगत. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहातही रचना अशीच होती: एक पेनी देऊन मधल्या अंगणात उभं राहायचं आणि जास्त पैसे मोजले तर भोवतीच्या गॅलरीत बसायला मिळायचं. 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकात राजपुत्र नटांना बजावतो, की अंगणातल्या लोकांचे कान फाडू नका आणि विदूषकांनी लिहिलंय त्यापेक्षा जास्त बोलू नये. म्हणजे ॲडिशन घेणाऱ्यांबद्दलची तक्रार 400 वर्षांची आहे. जागा वर असो की खाली, आक्षेप एकच: नट चालू प्रसंग सोडून समोरून येणाऱ्या रोख मोबदल्याकडे बघायला लागतो.

वापराबद्दल दोनच गोष्टी. हा वाक्प्रचार नेहमी नापसंती दाखवतो, कौतुक म्हणून वापरायचा नाही. निवेदकाने 'आजच्या कलाकारांनी छान प्ले टू द गॅलरी केलं' असं म्हटलं, तर तो बिचारा अपमान करून मोकळा झालेला असतो. सभागृह दणाणून सोडलं असं म्हणायचं असेल तर 'ब्रॉट द हाऊस डाऊन' म्हणा. आणि गॅलरीच्या आधी 'टू'च येतं, 'फॉर' नाही.

नाटकाबाहेर हा शेरा राजकारणात जास्त ऐकू येतो. नागपुरात डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनात तर खरोखरीची गॅलरी असते, प्रेक्षकांची आणि पत्रकारांची. सदस्याने अध्यक्षांना उद्देशून बोलावं ही संसदीय रीत आहे. नजर वर पत्रकारांकडे आणि आवाज उद्याच्या मथळ्याच्या पट्टीत गेला, की समोरच्या बाकावरून 'गॅलरीसाठी बोलू नका' असं ऐकायला मिळतं. तिथे मराठीत 'लोकानुनय' हा शब्दही चालतो. नाटकात तो जड होतो. 'टाळ्याखाऊ' पुरे.

आधी शेवटची रांग

गॅलरीला खेळण्याचा आरोप टाळायचा म्हणून मागच्या प्रेक्षकाला विसरणं हा दुसरा गुन्हा. त्यानेही तिकीट काढलेलं असतं. तेव्हा पहिलं काम आवाजाचं आणि चेहऱ्याचं.

नागपुरात सभागृहागणिक हे काम बदलतं. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह सुमारे दोन हजार खुर्च्यांचं आहे. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक त्या मानाने आटोपशीर. सायंटिफिकमध्ये बसवलेला प्रयोग तसाच उचलून सुरेश भटमध्ये नेला तर पहिली 15 मिनिटं वाया जातात, कारण नटांना अंदाज यायलाच तेवढा वेळ लागतो. म्हणून रंगीत तालमीच्या दिवशी, नेपथ्य लागायच्या आधी, अर्धा तास मागून घ्या आणि असं करा:

1. एक जण शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसेल. मधल्या खुर्चीत नाही, कोपऱ्यात. सगळ्यांत वाईट जागा तीच असते.
2. प्रत्येक नट आपलं सगळ्यांत हळू बोलायचं वाक्य रंगमंचाच्या मागच्या भागातून म्हणेल. आरडाओरडीची वाक्यं तपासू नका, ती पोहोचतातच.
3. मागचा माणूस ऐकलेलं वाक्य मोठ्याने परत म्हणून दाखवेल. 'ऐकू आलं' असं नुसतं सांगून चालणार नाही. संहिता पाठ असलेल्याला न ऐकताही ऐकू येतं, म्हणून या खुर्चीत संहिता न वाचलेला माणूस हवा.
4. हेच माईक बंद ठेवून, मग चालू करून.

रिकाम्या सभागृहाची एक फसवणूक लक्षात असू द्या. मागची भिंत 30 मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला 60 मीटर कापतो, म्हणजे साधारण 0.18 सेकंद लागतात. एवढ्या अंतराने आलेला आवाज वेगळा प्रतिध्वनी म्हणून कानाला कळतो, आणि नटाला वाटतं आपला आवाज घुमतोय, भरपूर आहे. संध्याकाळी खुर्च्या भरल्या की माणसं आणि कपडे आवाज शोषतात. तालमीत जेमतेम पोहोचलेला आवाज प्रयोगात पोहोचत नाही. तेव्हा रिकाम्या सभागृहात थोडा जास्तच वाटला पाहिजे.

तालमीच्या जागेनेही सवयी लागतात. हौशी संस्थांच्या तालमी बहुधा शाळेच्या वर्गात नाही तर कुणाच्या तरी गच्चीवर होतात. वर्गात भिंती जवळ, त्यामुळे नट पुटपुटायला शिकतो. गच्चीवर आवाज परत येतच नाही, त्यामुळे तो ओरडायला शिकतो. यावर उपाय असा: आठवड्यातून एकदा मैदानात दोन नटांना आधी 5, मग 10, मग 20 मीटर अंतरावर उभं करून तोच प्रवेश बोलायला लावा. अट एकच, भांडण वाटता कामा नये. 20 मीटरवरून प्रेमाचं बोलणं प्रेमाचंच वाटलं की आवाज जागेवर आला.

उन्हाळ्यातल्या शिबिरांचे प्रयोग आणि मांडवातले कार्यक्रम यांत आणखी एक शत्रू असतो तो कूलर. त्याची घरघर स, श, फ, ह ही अक्षरं खाऊन टाकते. 'सांगशील' हे 'आंगील' होऊन पोहोचतं. आवाज वाढवून फारसा उपयोग होत नाही, कारण वाढतात ते स्वर. व्यंजनांवर जोर द्या, वेग मिनिटाला 110 ते 130 शब्दांपर्यंत खाली आणा आणि जमलं तर प्रयोगाच्या आधी 20 मिनिटं कूलर पूर्ण वेगाने चालवून सुरुवातीला बंद करा.

मराठी नटासाठी खास सूचना एकच, पण ती अर्ध्या तक्रारी मिटवते. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही शेवटी. श्वास संपतो तोही तिथेच. 'मी त्या घरात परत जाणार नाही' यातला 'नाही' गिळला की मागच्या रांगेला 'मी त्या घरात परत जाणार' एवढंच कळतं आणि पुढचा सगळा प्रवेश उलटा लागतो. संहितेत वाक्याच्या शेवटी आलेला प्रत्येक 'नाही', 'नको', 'नव्हतं' अधोरेखित करा आणि त्याच्या आधी श्वास घ्यायची जागा ठरवा. जुने तालीम मास्तर 'वाक्य पाडू नको' म्हणतात ते हेच.

चेहऱ्याचं गणित दिव्यांवर अवलंबून आहे. समोरचे दिवे साधारण 45 अंशांच्या तिरप्या कोनातून येतात. हनुवटी खाली गेली की डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. फेटा, टोपी किंवा कपाळावर आलेला विग असेल तर आणखी. जमिनीकडे बघून बोलायचं दुःखाचं वाक्य सभागृहाच्या मध्याच्या थोडं मागे, डोक्यांच्या वरच्या रेषेत नजर ठेवून बोललं तर डोळे दिसतात आणि दुःख कमी होत नाही.

गॅलरीला खेळणारा नट ओळखायचा कसा

तालमीत हे फारसं दिसत नाही, कारण समोर गॅलरी नसते. पहिल्या प्रयोगात दिसतं. तीन खुणा बघा.

पहिली, पाय. असा नट नकळत पुढे सरकत जातो आणि शेवटी रंगमंचाच्या कडेला येऊन उभा राहतो. तोटा त्याचाच होतो. बहुतेक प्रकाशयोजनेत दिवे ठरलेल्या जागांवर रोखलेले असतात आणि कडेचा दीड-दोन फुटांचा पट्टा त्यातून सुटतो. आपण लोकांच्या जवळ गेलो असं त्याला वाटतं आणि लोकांना मात्र तोंड काळं दिसतं. फूटमाईक, म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेला माईक, असेल तर या नटाचा आवाज भसकन वाढतो आणि मागच्या सहकलाकाराचा नाहीसा होतो.

दुसरी, डोळे. हशाचं वाक्य यायच्या आधी तो समोरच्या पात्रावरून नजर काढतो आणि वाक्य प्रेक्षकांच्या हवाली करतो. फ्रंट देणं वेगळं. शरीर प्रेक्षकांकडे थोडं उघडं ठेवून पात्राशीच बोलणं हे तंत्र आहे. पात्राला सोडून देणं ही चोरी आहे.

तिसरी, वाट बघणं. वाक्य झाल्यावर तो थांबतो, चेहऱ्यावर 'आता?' असा भाव. हशा आला नाही तर त्या दोन सेकंदांत नाटक मेलेलं असतं.

हशा घ्यायचा कसा

हसवणं पाप नाही. विनोदी नाटकात तेच काम आहे, आणि ते नीट करायला गंभीर नाटकापेक्षा जास्त शिस्त लागते.

हशाचं वाक्य दोन भागांचं असतं: तयारी आणि फटका. तयारीच्या भागात रंगमंचावर कुणीही हलायचं नाही. विंगेजवळ उभ्या पोरानेसुद्धा नाही. माणसाचा डोळा हालचालीमागे जातो आणि तयारीचा शब्द निसटला की फटका बसत नाही. हशा गेला तर दोष बहुतेक वेळा विनोद करणाऱ्याचा नसतो. त्याच्या आधीच्या वाक्यावर कुणीतरी खुर्ची सरकवलेली असते.

हशा चढतो, टोकाला जातो, उतरतो. पुढचं वाक्य सुरू करायचं ते उतार लागल्यावर, साधारण अर्ध्यावर आला की. टोकाला सुरू केलं तर वाक्य बुडतं आणि लोक 'आपण हसलो तर पुढचं ऐकू येत नाही' हे शिकतात. मग ते हसणं आवरतं घेतात आणि उरलेलं नाटक थंड जातं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर लय तुटते. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द बुडाला तरी चालेल असा असावा: 'अगं', 'बरं', 'हे बघ'. लेखकाने दिला नसेल तर दिग्दर्शकाच्या परवानगीने असा एक शब्द घाला. एवढीच ॲडिशन क्षम्य.

थांबायच्या त्या दोन-चार सेकंदांत पुतळा होऊ नका. पात्र जे करत होतं ते करत राहा: चहा फुंका, वर्तमानपत्राची घडी घाला, चष्मा पुसा. हशा आला नाही तर हेच काम तुम्हाला वाचवतं, कारण तुम्ही थांबला होतात हे कुणाला कळत नाही.

पहिल्या प्रयोगात आलेला हशा दुसऱ्यात गेला, ही हमखास येणारी आपत्ती. अशा वेळी नट वाक्य आणखी जोरात मारतो आणि हशा आणखी लांब पळतो. अमेरिकन रंगभूमीवरच्या आल्फ्रेड लंट आणि लिन फोंटॅन या नटदांपत्याचा किस्सा या संदर्भात सांगितला जातो. नाटकात टेबलावरची एक साधी वस्तू मागताना लंटला हशा मिळायचा, तो बंद झाला. फोंटॅन म्हणाली, तू हल्ली ती वस्तू मागतच नाहीस, हशा मागतोस. तेव्हा अशा वाक्यावर काम करायचं ते उलट दिशेने: आवाज उतरवा आणि आधीच्या पात्राचं वाक्य पुन्हा खरंच ऐका. दोन-तीन प्रयोगांत बहुतेक हशे परत येतात. जे येत नाहीत ते पहिल्यांदा योगायोगाने आले होते. त्यांना जाऊ द्या.

एक प्रसंग जवळून

बोलून काही होत नाही, म्हणून चार ओळींचा नमुना. काटोलकडच्या एका घरातला मुलगा बापाला न विचारता संत्र्याची बाग विकून आला आहे.

बाप: किती आले?
मुलगा: सतरा लाख.
बाप: अन् झाडं?
मुलगा: झाडं त्यातच आली न बाबा.

संहितेत यानंतर बाप काही बोलत नाही, उठून पाण्याची मोटर बंद करतो. इतका वेळ मागे चाललेली घरघर थांबते.

आता गॅलरीची आवृत्ती. मुलगा कडेला येतो, सभागृहाकडे हात करून म्हणतो, 'झाडं त्यातच आली न बावा! संतरे नागपूरचे, अन् आपण सोलत राहिलो सालपटं!' नागपुरात याला टाळी पडणारच. टाळी पाच-सहा सेकंद चालते. त्या टाळीखाली मोटर बंद झाल्याचं कुणालाच कळत नाही, आणि पुढे दहा मिनिटांनी बाप 'मोटर कशाला लावू आता' म्हणतो तेव्हा सभागृह कोरं राहतं. एका टाळीची किंमत दोन प्रसंग. शिवाय मुलगा अपराधी होता, तो आता विनोदवीर झाला. त्याच्यावर चिडायचं की नाही हे प्रेक्षकाला ठरवता येत नाही.

बरोबर करायचं तर असं. 'अन् झाडं?' नंतर मुलाने एक श्वास थांबायचं, दीड सेकंद, जास्त नाही. उत्तर बापाकडे न बघता, पण हनुवटी वर ठेवून, म्हणजे डोळे चुकवतोय हे शेवटच्या रांगेलाही दिसेल. 'त्यातच' या शब्दावर जोर नाही. जोर दिला की उपहास होतो. बापाने लगेच उठायचं नाही. दोन सेकंद मोटरची घरघर ऐकू द्यायची, मग उठायचं. ध्वनी सांभाळणाऱ्याने घरघर आधीच्या दोन ओळींत किंचित वाढवत आणलेली असावी, तरच ती थांबल्याचं जाणवतं. इथे काही जण बारीक हसतील. ते हसणं चालेल, ते प्रसंगातून आलं आहे.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीचा प्रश्न इथेच येतो. 'काहून बे', 'बोलून राहिला न' असं काही ऐकलं की आपल्याच गावचा प्रेक्षक खुदकन हसतो. सावजी, तर्री पोहे, बर्डी (म्हणजे सीताबर्डी) हे शब्दही तसेच. ओळखीचं काही भेटल्याचा तो आनंद असतो, नाटकाने तो कमावलेला नसतो. कसोटी सोपी आहे: हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही नाटकात टाकलं तर इतकाच हशा येईल का? येत असेल तर काढा. बोली ठेवायची असेल तर पात्रभर ठेवा, पहिल्या वाक्यापासून. पाच मिनिटांत कान सरावतो आणि मग बोलीत रडलेलंही रडणंच वाटतं. मधूनच फोडणीसारखी टाकलेली बोली मात्र कायम हशाच देते, तुम्हाला हवा असो की नसो. आणि ज्यांची ती रोजची भाषा आहे ते समोरच बसलेले असतात.

संहितेवर खुणा आणि घड्याळ

दिग्दर्शकाने पहिल्या दोन प्रयोगांत संहिता घेऊन मागे बसावं. हशा आला तिथे एका रंगाची खूण, टाळी आली तिथे दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खुणेला एक प्रश्न विचारा: यानंतरची ओळ लोकांना ऐकू आली का, आणि ती ऐकली नसती तर काही बिघडलं असतं का? बिघडत असेल तर हशा ठेवायचा आणि ओळ थोडी उशिरा घ्यायची, किंवा ओळ ठेवून हशा मारायचा. हशा मारायला तयारीच्या शब्दावर एखादी हालचाल टाकली की पुरतं.

टाळीच्या वाक्यांचा हिशेब कडक हवा. शेतकरी, आई, भ्रष्टाचार यांवर दोन ठसकेबाज वाक्यं एकामागे एक आली की दुसऱ्याला टाळी अर्धीच मिळते. अंकात एक ठेवा.

घड्याळही बघा. स्पर्धेच्या एकांकिकेला 60 मिनिटांची मर्यादा असेल आणि तालमीत ती 58 ला संपत असेल, तर भरलेल्या सभागृहात ती मर्यादा ओलांडणार. हशे, टाळ्या आणि ब्लॅकआउटमध्ये अंधारात चाचपडणं मिळून चार-पाच मिनिटं सहज जातात. तालमीत 53-54 वर आणा. शेवटी घाई झाली की नट सगळ्यांत आधी शांतता कापतात, आणि कापायला नको असते तीच.

परीक्षकांचीही एक गॅलरी असते

हे फार कुणी बोलत नाही. स्वस्त टाळी नको म्हणून नाक मुरडणाऱ्या संस्था पहिल्या रांगेत कागद घेऊन बसलेल्या तिघांसाठी खेळतात. कारण नसताना धूर, मुखवटे, लाल प्रकाशात सावकाश चालणारा समूह, दर चार मिनिटांनी ब्लॅकआउट, आणि शेवटी सगळ्यांनी प्रेक्षकांकडे रोखून बघणं. प्रसंग सोडून मोबदल्याकडे बघणं हेच दोषाचं मूळ असेल, तर हा तोच दोष आहे. फक्त तिकीट महाग आहे. तपासायची रीतही तीच: धुराचं यंत्र बंद ठेवून एक तालीम करा. काहीच हरवलं नाही तर यंत्राचं भाडं वाचवा.

झाडीपट्टीला हा शेरा लावायच्या आधी

नागपुरातून पूर्वेला गेलं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत झाडीपट्टी रंगभूमी लागते. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे तिचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, नाटक रात्री लागतं आणि पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. थंडीत उघड्यावर बसलेल्या हजारो माणसांना रात्रभर जागं ठेवायचं तर मोठा आवाज, गाणी, लावणी आणि विनोदी पात्राची स्वतंत्र वाट हे सगळं लागतंच. प्रेक्षकांशी थेट बोलणं तिथे शैलीतच आहे, आणि खडी गंमत या तिकडच्या लोकनाट्यात तर शाहीर आणि प्रेक्षक यांच्यामध्ये पडदाच नसतो. शहरी नटाने तिथे जाऊन 'हे गॅलरीला खेळतात' म्हणणं हा अडाणीपणा झाला. उलट तिथून इथे येताना पट्टी बदलायला विसरणं ही चूक खरी. उघड्या मैदानाचा हातवारा सायंटिफिकच्या चौथ्या रांगेवर अंगावर येतो. हाताची हालचाल खांद्याऐवजी कोपरातून सुरू करा. एवढ्याने ती अर्धी होते.

सूत्रसंचालकांसाठी थोडक्यात

'टाळ्यांचा आवाज आला नाही, जेवून आला नाहीत का?' हे वाक्य कायमचं बंद करा. दोन तासांच्या कार्यक्रमात टाळ्या मागायच्या त्या फार तर दोनदा: पाहुणे आल्यावर आणि पडद्यामागच्या लोकांची नावं घेताना, कारण त्यांना मागितल्याशिवाय मिळत नाहीत. चारोळी म्हणायचीच असेल तर पुढच्या कार्यक्रमाशी तिचा संबंध हवा. गायकाची ओळख 40 सेकंदांच्या वर गेली की लोक गायकाऐवजी तुमच्याकडे बघायला लागतात, आणि तुम्हाला ते आवडायला लागतं.

प्रयोगानंतर

मेकअप उतरवताना भेटायला येणारे सगळे 'मस्त झालं' म्हणतात. त्यातून काही कळत नाही. मागच्या रांगांत बसलेल्या तिघांना गाठा आणि त्यांना मत न विचारता माहिती विचारा: कुठलं वाक्य ऐकू आलं नाही? मुलाने बाग का विकली? बाप कुठे उठला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिघांकडून तीन आलं तर त्या प्रवेशात कुणीतरी भाव खाऊन गेलं आहे.

शिवाय एक मोबाईल शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर, फ्लाइट मोडवर, फक्त आवाज रेकॉर्ड करायला ठेवा. चित्रफीत घेऊ नका; नट स्वतःचा चेहरा बघत बसतात. रेकॉर्डिंग ऐकताना हशांपेक्षा खोकल्यांवर लक्ष द्या. एक-दोन खोकले सर्दीचे. पण एकाच मिनिटात सात-आठ जण खोकले, खुर्च्या करकरल्या, तर तिथे लोक कंटाळले आहेत. आणि बहुतेक वेळा त्या मिनिटाच्या जरासं आधी एक जोरदार टाळी पडलेली ऐकू येईल. ती कुठल्या वाक्याला पडली ते संहितेत शोधा आणि पुढच्या तालमीची सुरुवात त्या पानापासून करा.